उन्हाचं विरजण

सकाळपासून ऋतुजा चौथ्यांदा माठाशी गेली, तेव्हा मेथी निवडणारा देविदासचा हात थांबला.

"फार उकडतंय का गं?"

"उकडत नाही बाबा. तहान लागते नुसती. पोटातल्यालाच लागत असेल." ती हसली, तांब्याभर पाणी उभ्यानेच प्यायली आणि न्हाणीघराकडे गेली. ती बाहेर आली ती परत माठाशीच.

देविदासने जुडी ताटात ठेवून दिली. हे त्याने पाहिलेलं होतं. हेच स्वयंपाकघर, हेच दिवस, गेल्या वर्षी. तेव्हा माठाशी त्याची बायको होती, वंदना.

ऋतुजा ही त्यांची एकुलती एक लेक. पहिलटकरीण, पाचवा महिना. जावई कामासाठी सहा महिने सिंगापूरला गेलेला, म्हणून सातव्याची वाट न पाहता ती पाच आठवड्यांपूर्वीच अकोल्याला माहेरी आली होती. आली तेव्हा चांगली होती. जिना चढताना गाणं म्हणत होती.

त्या काळात अकोल्यात फाल्गुन लागला की बंदवेळ सुरू होई. सकाळी नऊला भोंगा वाजे आणि रस्ते रिकामे होत. संध्याकाळी सहाचा भोंगा होईपर्यंत कामाशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही, कारण पारा अठ्ठेचाळीसच्या खाली यायला तयार नसे. खिडक्यांना पालिकेने बसवून दिलेली काच उजेड आत सोडी, ऊन सोडत नसे. बंदवेळ चार महिन्यांची, पण माणसांना घरात बसायची सवय बारा महिन्यांची लागली. शाळा आत, बाजार आत, लग्नंसुद्धा आत. उन्हात आता कावळे फिरत आणि वीज मंडळाचे लाइनमन. देविदास बोचरे त्यातलाच. तीस वर्षं खांबावर काढून तो निवृत्त झाला होता आणि त्याची हाडं अजून दणकट होती.

बाकीची माणसं मात्र मोडायला लागली होती. रांगणाऱ्या पोरांचे पाय वाकत. घरोघरी कुणाच्या तरी हाताला प्लास्टर दिसे. वंदनाचं मनगट चादर पिळताना मोडलं. काटकी मोडावी तसा आवाज झाला, आणि ती चादरीकडे बघत राहिली, दुखायला मागाहून लागलं.

कारण साधं होतं. ऊन अंगावर पडतं तेव्हा कातडीत एक काम चालतं. तिथे कोलेस्टेरॉलच्या भाऊबंदांतला एक पदार्थ असतो. उन्हातला एक ठरावीक किरण त्याची एक कडी तोडतो आणि त्याचं ड जीवनसत्त्व बनतं. ते आतड्याला सांगतं की अन्नातलं कॅल्शियम आत घे. ते नसेल तर हंडाभर दूध प्यायलं तरी हाडाला काही पोचत नाही. आणि या कामाला ब्रेकही आहे. पुरेसं बनलं की जास्तीचं कातडी ऊन असतानाच मोडून टाकते. म्हणून जन्मभर रानात राबणाऱ्याला ड जीवनसत्त्व कधी बाधलेलं नाही.

मग रेशनच्या दुकानात किरण दह्याची पाकिटं आली. संशोधन संस्थेतल्या लोकांनी दह्याच्या जिवाणूंना कातडीचं हे काम शिकवलं होतं. ऊन लागत नव्हतं, कडी तोडायला जिवाणूंकडे त्यांचाच एक पाचकरसासारखा रस होता. कोमट दुधाला पाकिटातली भुकटी लावायची, सकाळी वाटीभर दही खायचं, झालं. कातडीसारखा ब्रेकही त्यांना बसवून दिला होता. पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलं होतं, एका पाकिटाचे दही एकदाच लावावे, त्या दह्याचे पुन्हा विरजण घालू नये.

ज्याने हे वाक्य लिहिलं, त्याच्या घरी दही कोण लावत होतं देव जाणे. आपल्याकडच्या कुठल्याही बाईला सांगा की उरलेल्या दह्याचं विरजण ठेवू नकोस. ती मान हलवेल आणि तुमची पाठ वळली की चमचाभर काढून ठेवेल.

"रोज नवं पाकीट फोडायचं? दही म्हणजे काय बिस्किटाचा पुडा आहे?" वंदना म्हणाली होती. तिने पहिल्या पाकिटाचं दही चिनी मातीच्या सटात लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचंच विरजण वापरलं. दही घट्ट लागे, वर बोटभर साय. वर्षाच्या आत तिचं मनगट जुळून आलं, कंबर सरळ झाली. पुढे सरकारने ड जीवनसत्त्व खायच्या तेलातच घालायला सुरुवात केली आणि पाकिटं बंद झाली. लोक ती विसरलेसुद्धा. वंदनाच्या सटातलं दही मात्र रोज लागत होतं. देविदास ते खात नसे. लहानपणापासून त्याला दही खाल्लं की घसा धरायचा.

तीन वर्षं हे चाललं. तिसऱ्या वर्षी वंदनाला तहान लागायला लागली. मग कोरड्या उलट्या, आठ-आठ दिवस पोट साफ नाही, मग विसरभोळेपणा. एकदा तिने ऋतुजाचा शाळेचा डबा भरून ठेवला. ऋतुजा तेव्हा एकतीस वर्षांची, पुण्यात नोकरीला. डॉक्टर म्हणाले, वय झालं, त्यात बंदवेळेत सगळ्यांचीच डोकी फिरतात. तिला काही जात नव्हतं. दहीभात तेवढा उतरे. देविदास भात मऊ शिजवायचा, दह्यात कालवायचा आणि दिवसातून तीनदा तिला भरवायचा. "खा गं, हाडाला चांगलं आहे," म्हणायचा. वैशाखात एका दुपारी ती खाटेवर बसल्या बसल्या कलंडली. कागदावर उष्माघात लिहिलं गेलं.

तेरवीला तिच्याच दह्याची कढी केली होती. शेजारच्या बेबीताई इंगोलेंनी जाताना वाटी पुढे केली. "वंदनाबाईची आठवन म्हनून चमचाभर विरजन द्या भाऊ." मग एकीचं बघून दुसरीने मागितलं. दिवेलागणीनंतर घरातून विरजण बाहेर देत नाहीत, म्हणून सगळ्या घाईने, उजेड होता तोवर घेऊन गेल्या. तेवीस घरी ते गेलं. उरलेल्याचं देविदास रोज स्वतः लावू लागला. बोट घालून दूध किती कोमट हवं ते त्याला वंदनाने शिकवलं होतं. खायला कुणी नव्हतं, तरी लावायचा आणि वाटून टाकायचा. घरात तिचं तेवढंच काय ते जिवंत उरलं होतं.

आणि पाच आठवड्यांपूर्वी खायला लेक आली होती. सकाळ-संध्याकाळ वाटी भरून.

सोमवारी तो तिला पालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉ. अंभोरे तिशीच्या, कामाला चोख, बोलायला फटकळ. त्यांनी रक्त तपासलं आणि कागद दोनदा वाचला.

"कॅल्शियम तेरा पॉइंट आठ. साडेदहाच्या वर असता कामा नये. पाणी किती पिता?"

"मोजलं नाही. माठ रिकामा होतो," ऋतुजा म्हणाली.

"गोळ्या, इंजेक्शन, ताकदीची पावडर? गरोदरपणात सासू-आत्या काहीबाही पाठवतात."

"काही नाही. घरचं साधं खाणं. वरण, भात, भाजी, दही."

"दही कुठलं?"

"घरचंच. आईच्या विरजणाचं."

डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. ड जीवनसत्त्वाची पट्टी त्यांनी पाहिली होती. त्या पट्टीवर दोनच उत्तरं उमटत, 'कमी' किंवा 'पुरेसं'. गेल्या पंधरा वर्षांत त्याहून वेगळं काही कुणाच्या रक्तात सापडलं नव्हतं, तर पट्टी बनवणाऱ्याने तिसरा रंग कशाला द्यावा? ऋतुजाची पट्टी 'पुरेसं' सांगत होती.

देविदास स्टुलावर बसला होता. त्याने तोंड उघडलं. डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"बोला काका."

"काही नाही," तो म्हणाला. "तिला पाणी आणू का?"

तो बाहेर नळापाशी जाऊन उभा राहिला. त्याच्या डोक्यात एक वाक्य अर्धं तयार झालं होतं. लेकीला हे दह्याने झालं असेल, तर मग. त्यापुढे तो जाईना. खांबावर असताना एकदा त्याचा हात जिवंत तारेपासून वीतभर राहिला होता. तेव्हाही अंगातून असंच गार काहीतरी गेलं होतं.

ऋतुजाला तिथेच दाखल करून घेतलं, सलाइन लावलं. मानेत चार बारीक ग्रंथी असतात, त्या कॅल्शियमवर लक्ष ठेवतात, डॉक्टरबाईंनी समजावलं. सोनोग्राफीत एका बाजूला ठिपका दिसतोय. ग्रंथी बिघडली असेल तर काढावी लागेल. गुरुवारी मोठ्या इस्पितळातले सर्जन वेळ देतायत.

"पोटात बाळ असताना भूल?" देविदासने विचारलं.

"जोखीम आहेच. दोघांनाही. पण हे असंच चढत राहिलं तर हृदयाचा ठोका चुकायला लागतो. मग सर्जन काय करणार आणि मी काय करणार."

संध्याकाळी तो डबा घेऊन गेला तेव्हा ऋतुजाने डबा उघडून पाहिला. "दही नाही आणलं?"

"नासलं ते."

"आईचं दही नासलं? कसं काय?"

"गरमीनं."

त्याचा हिशोब असा होता की दही बंद केलं म्हणजे दोन दिवसांत उतार पडेल. डॉक्टर म्हणतील, सलाइनचा गुण आला. ऑपरेशन टळेल. लेक घरी येईल, आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. लेकीला नाही, लोकांना नाही, आणि त्याला स्वतःलाही नाही. मंगळवारी कॅल्शियम तेरा पॉइंट नऊ आलं. घरी येऊन त्याने नेहमीच्या वेळेला दूध तापवलं, कोमट केलं आणि विरजण लावलं. सट फडक्याने झाकला. आपण हे काय करतोय हे त्याला कळत होतं, पण एक दिवस जरी लावायचं चुकलं तर ते मरणार होतं.

बुधवारी सकाळी भोंग्याआधी तो दवाखान्यात पोचला. ऋतुजा उशीला टेकून बसली होती. ओठ फुटले होते. तिने दोन घास खाल्ले आणि डबा सरकवला.

"बाबा, आईला सांगा, भाजीत मीठ जास्त पडतंय हल्ली."

देविदासने डब्याकडे पाहिलं. "काय म्हणालीस?"

"रागवेल ती. तुम्हीच सांगा." एवढं बोलून ती साध्या सरळ चेहऱ्याने खिडकीकडे बघत बसली, जशी वंदना बसायची.

तो उठला. वॉर्डातल्या मावशीला म्हणाला, हिच्याकडे बघा, मी आलो. मावशी म्हणाली, काका, नऊ वाजून गेले, बंदवेळ आहे. तो थांबला नाही.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर मऊ झालं होतं, चपला चिकटत होत्या. ऊन डोक्यावर, खांद्यांवर, पायांच्या नडग्यांवर पडत होतं. याच उन्हाचा वाटीभर तुकडा त्याने आपल्या घरात चार वर्षं पाळला होता आणि एका बाईला चारला होता. चालताना पहिल्यांदा त्याने ते वाक्य पुरं केलं. लेकीला हे दह्याने झालं असेल, तर बायको मी मारली. पूर्ण केल्यावर ते मनात तसंच राहिलं. त्याने काही हलकंही वाटलं नाही आणि तो कोसळलाही नाही. घरी जाऊन त्याने फ्रिजमधला सट काढला, फडक्यात बांधला, वंदनाच्या आजारपणाची फाइल काखेत मारली आणि तसाच परत निघाला.

डॉ. अंभोरेंच्या टेबलावर त्याने दोन्ही ठेवलं.

"हे तपासा. पाकिटाचं किरण दही आहे. चार वर्षांपूर्वीचं. बायकोने रोज त्याचंच विरजण लावलं, तिच्यामागे मी लावलं. आणि हे तिचे कागद. तिलाही अशीच तहान लागली होती."

डॉक्टरबाईंनी फाइल चाळली. एक पान उलटलं, मागे आल्या, परत उलटलं. कुणीही वंदनाचं कॅल्शियम तपासलेलं नव्हतं.

"सोमवारी मी विचारलं होतं, दही कुठलं."

"हो."

"मग?"

"भीती वाटली."

"कशाची?"

त्याने फाइलकडे पाहिलं. त्यांनी फाइलवरचं वंदनाचं नाव पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. फोन उचलला, गुरुवारची वेळ थांबवायला सांगितली आणि नमुना मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाठवला.

उत्तर संध्याकाळी पाचला आलं. डॉक्टरबाई वाचताना उभ्याच राहिल्या.

"एका वाटीत पाच महिन्यांचं ड जीवनसत्त्व आहे," त्या म्हणाल्या. "ती दिवसाला दोन वाट्या खात होती." मग त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि काढून दाखवायला लागल्या, बहुतेक स्वतःलाही समजावं म्हणून. "हे बघा काका, जिवाणूला ब्रेक बसवला होता. पण ब्रेक सांभाळायला त्यालाही ताकद लागते. त्यातल्या एखाद्याचा ब्रेक तुटला की त्याची ताकद वाचते, तो इतरांपेक्षा भराभर वाढतो. एका रात्रीत त्याच्या सहा-सात पिढ्या होतात. सकाळी तुम्ही चमचाभर बाजूला काढता, त्यात जास्त कोण येणार? तोच. रोज काढलंत. चार वर्षं. ब्रेकवाले कधीच संपले. म्हणून पाकिटावर लिहिलं होतं."

"का म्हणून ते नव्हतं लिहिलं."

"नाही," त्या म्हणाल्या. "ते लिहायला हवं होतं. आणि पट्टी 'पुरेसं' म्हणाली म्हणून मी पुढे बघितलं नाही, मानेतल्या ठिपक्याच्या मागे लागले, तेही व्हायला नको होतं."

"आता दही बंद आहे तिचं. उतरेल ना?"

"लगेच नाही. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं. खाणं थांबलं तरी महिनोन्महिने आतून झिरपत राहतं. औषधं आहेत, सलाइन आहे, रोज रक्त बघू. दूध बंद. आणि उन्हाची तिरीपही अंगावर पडू द्यायची नाही."

"बाळाचं?"

"ठोके व्यवस्थित आहेत आज. बाकी जन्मल्यावरच कळेल. त्याआधी मला विचारू नका, मी खोटं सांगेन." त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे दही आणखी कुणाकडे आहे?"

"तेवीस घरी."

"आणि त्यांच्याकडून पुढे?"

देविदासने हे मनात कधी आणलं नव्हतं. विरजण दिलं की दिलं. ते कुणी मोजत नाही, परतही मागत नाही.

सहाचा भोंगा झाला तेव्हा तो बेबीताईंच्या दारात उभा होता.

"या न भाऊ. पोरगी कशी आहे?"

"दवाखान्यातच आहे. बेबीताई, ते विरजन फेकून द्या. वंदनाचं. त्याच्यानंच ऋतूले झालं हे."

"दह्यानं?" बेबीताई हसल्या. "दही खाऊन कोनी बिमार पडते का? माये गुडघे पाहा. दोन वर्सं मांडी घालता येत नव्हती मले. आता खाली बसून पोया लाटतो मी."

"डॉक्टरनं तपासलं. जहर झालं त्याचं."

"डॉक्टर तं काय, मायच्या दुधालेही नावं ठेवतीन. काल तूप वाईट होतं, आज दही वाईट, उद्या म्हनतीन हवा खाऊ नका. थंडं पानी देऊ का तुम्हाले? उन्हात फिरले वाटते."

"बेबीताई, ऐका माय."

"ऐकतो न मी. पन तुम्ही तं दहीच खात नाही, तुम्हाले काय माहीत त्याचा गुन? वंदनाबाई शेवटच्या घासापर्यंत हेच खात होती."

देविदासने दाराची चौकट धरली. लेकीसमोर बोलायच्या आधी हे त्याला शेजारणीसमोर बोलावं लागणार होतं.

"म्हनूनच गेली ते," तो म्हणाला. "ऊन लागून नाही गेली. मी चारत होतो तिले. दिवसातून तीनदा. भात मी कालवत होतो अन् चमचाही मीच धरत होतो. तिले नको असलं तरी एक घास जास्त देत होतो."

बेबीताईंचं हसू गेलं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, मग आतल्या खोलीकडे. आत त्यांचे मालक खाटेवर पडले होते. दिवाळीत त्यांच्या मूत्रपिंडातला खडा काढला होता, होळीत दुसरा झाला होता. गेले पंधरा दिवस ते घड्याळात किती वाजले हे सारखं विचारत होते. सगळे म्हणत, रिकामपणाने होतं तसं.

त्यांनी आत जाऊन दह्याचं पातेलं आणलं. त्याच्या हातात दिलं नाही, उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवलं आणि हात साडीला पुसले. बराच वेळ पुसत राहिल्या.

"भाऊ, मी पोरीले देल्लं हे. अमरावतीले. नागपंचमीले आली होती तेव्हा."

"फोन करा तिले."

"ते होस्टेलात सैपाक पाहते न. मुलींच्या." बेबीताईंचा आवाज बारीक झाला. "म्हने आई, तुया विरजनाचं दही पोरी बोटं चाटून खातात. दीडशे पोरी आहेत तिथं."

त्या फोन शोधायला वळल्या. फोन ओट्यावर समोरच होता, पण त्यांना तो दिसत नव्हता. देविदासने उचलून हातात दिला.

त्या संध्याकाळी त्याने तेवीस दारं वाजवली. दर दारात आधी नुसतं दह्याचं सांगून पाहिलं आणि दर दारात लोक हसले. मग वंदनाचं सांगावं लागलं. तेवीस वेळा. शेवटी शेवटी वाक्य गुळगुळीत झालं होतं आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. एकोणीस घरांनी भांडी दिली. चार घरं म्हणाली, आमच्याकडचं केव्हाच संपलं. त्यातल्या तिघांवर त्याचा विश्वास बसला. डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे त्याने सगळं दही ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात ओतलं. ते फुटून वर तरंगत राहिलं. किती पोटांत गेलं होतं, किती गावांना गेलं होतं, ते या बादलीत नव्हतं.

पुढच्या सोमवारी ऋतुजाचं कॅल्शियम अकरा पॉइंट सहावर आलं. अमरावतीच्या होस्टेलमधल्या सतरा मुली तोवर दवाखान्यात होत्या, आणि बेबीताई देविदासच्या दारावरून जाताना मान खाली घालू लागल्या होत्या. त्या रागावल्या होत्या की शरमल्या होत्या, हे त्याला कळत नव्हतं. जावई मंगळवारी पोचणार होता.

देविदास डबा घेऊन गेला. ऋतुजाची नजर आता जागेवर होती. पलंगाशेजारच्या खिडकीला दुहेरी पडदा लावला होता, त्यामुळे खोलीत अंधारच होता.

"डॉक्टरांनी सांगितलं मला," ती म्हणाली. "आईलाही हेच होतं."

"हो."

"तुम्हाला कळलं कधी?"

"गेल्या सोमवारी. इथेच. त्यांनी दही कुठलं विचारलं तेव्हा."

"आणि सांगितलंत बुधवारी."

"हो."

"गुरुवारी मला कापणार होते, बाबा."

आईचं नाव पुढे करता आलं असतं, भीतीचं सांगता आलं असतं. तिने तेही ऐकून घेतलं असतं कदाचित. तो डब्याच्या पिशवीची गाठ सोडायला लागला. बाहेर ट्रॉलीची चाकं वाजत गेली.

तिने विचारलं, "काय आणलंय?"

"मुगाची खिचडी. दोडक्याची भाजी. दूध-दही कशातच नाही." त्याने डबे उघडून मांडले, चमचा पुसून तिच्या बाजूला ठेवला.

ऋतुजाने चमचा उचलला नाही. ती खिचडीकडे बघत होती. वाफ येत होती, तिला भूक लागलेली दिसत होती, घशाखाली आवंढाही गेला. हात मात्र पोटावरच राहिला.

"आधी तुम्ही खा," ती म्हणाली.

देविदासने तिच्याकडे पाहिलं. ती रागाने बोलली नव्हती. रस्ता ओलांडताना लहानपणी ती ज्या आवाजात विचारायची, गाडी येत नाही ना बाबा, तसा तो आवाज होता.

त्याने चमचा घेतला. खिचडीचा घास खाल्ला, मग भाजीचा. नीट चावून, तिला दिसेल असा. गिळला. ती त्याच्या घशाकडे, मग डोळ्यांकडे बघत राहिली. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं की किती वेळ थांबायचं असतं.

"आणखी एक खा," ती म्हणाली.

त्याने आणखी एक खाल्ला.